दम धरा, काका

पोटाचा एमआरआय करून या, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर हे वाचा. मी डॉक्टर नाही. कारापूरला राहतो, डिचोलीजवळच्या एका बंद खाणीवर नोकरी करतो, वय त्रेपन्न. स्वादुपिंडाविषयी मला आजही फारसं कळत नाही. मी लिहिणार आहे ते श्वासाविषयी, आणि थोडंसं खोटं बोलण्याविषयी. खोटं माझंच आहे.

एका ठिपक्याने आमच्या घराला चार महिने वेठीस धरलं. तो ठिपका केवढा आहे एवढीच गोष्ट कळायला चार महिने लागले. त्यातला अर्धा उशीर रांगांमुळे, यंत्रांमुळे, एकमेकांचे फोन न उचलणाऱ्या माणसांमुळे झाला आणि त्याबद्दल मी मनसोक्त चिडून घेतलं आहे. उरलेला अर्धा माझ्यामुळे झाला. चिडून झाल्यावर तोच तेवढा शिल्लक राहतो.

ठिपका

जेवण झालं की बरगड्यांच्या खाली दुखायचं, पार पाठीपर्यंत. गणपतीच्या आधीपासून दुखत होतं. बायकोला, शैलाला, मी ते दिवाळी झाल्यावर सांगितलं. तिने मला सरळ डिचोलीत सोनोग्राफीला नेलं.

सोनोग्राफीचे डॉक्टर गप्पिष्ट होते. पोटाला गार जेली लावून, यंत्र फिरवत, खाणी पुन्हा कधी सुरू होणार ते मला विचारत होते. मी सांगत होतो. मग त्यांचे प्रश्न थांबले. यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरू लागलं. मी आपला बोलत राहिलो, कारण मी थांबलो तर तेही थांबलेत हे मान्य करावं लागलं असतं.

"स्वादुपिंडात काहीतरी दिसतंय," ते म्हणाले. "पाण्याची गाठ असेल. दुसरंही काही असू शकेल. इथे नाही सांगता येणार. एमआरआय करा."

दुसरं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. शैलाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते बघायलाच पाठवतोय, वहिनी."

जिन्यात तिने मला थांबवलं. "कधीपासून दुखतासा?"

"गणपतीपासून."

ती हरमलची. राग आला की तिची माहेरची बोली बाहेर येते. "आणि माका दिवाळी झाल्यार सांगतास? मोदक सुटतीत म्हणून गप रवलास?"

खरं कारण तेच होतं. मी जिना उतरू लागलो.

पहिल्या वेळी

म्हापशाच्या बाजूला एका स्कॅन सेंटरमध्ये बारा दिवसांनी नंबर लागला. शैलाचा भाऊ भालचंद्र आम्हाला घेऊन गेला. त्याची टॅक्सी मोपाच्या विमानतळावर चालते आणि हरमलला पर्यटकांना द्यायच्या चार खोल्या आहेत. जगातल्या प्रत्येक विषयावर त्याचं मत असतं.

सकाळी आठची वेळ दिली होती, आत घेतलं पावणेबाराला. उपाशीपोटी. पोटात पेजसुद्धा नाही, समोर टीव्हीवर मटण शिजवण्याचा कार्यक्रम. मी दोनदा जाऊन विचारलं, दोन्ही वेळा "पुढचे तुम्हीच" असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा गेलो तर उत्तर देणाराच बदलला होता, त्याने माझं नाव पहिल्यापासून लिहून घेतलं.

आतली मुलगी बांद्याची होती, तेजश्री. पंचवीस-सव्वीस वर्षांची, सकाळपासून एकटीच उभी. तिने माझं घड्याळ, अंगठी, कमरेचा चांदीचा कडदोरा काढून घेतला, पोटावर एक जड पट्टा बांधला, हातात रबरी चेंडू दिला. "काय झाला तर ह्यो दाबा. आतमध्ये मी सांगान तसा करा, काका. समाजला?"

मी "हो" म्हटलं. न कळलेल्या गोष्टीला हो म्हणायची मला जुनी सवय आहे. खाणीवर तिच्यावरच नोकरी टिकली.

एमआरआयचं यंत्र म्हणजे एक बोगदा. कानाला हेडफोन लावतात, तरी आवाज हाडांत पोचतो. कोणीतरी पत्र्याच्या टाकीवर घण घालतंय असा. तो सुरू व्हायच्या आधी हेडफोनमध्ये तेजश्रीचा आवाज यायचा.

"दम घ्या, काका."

मी अंग सैल सोडून विश्रांती घ्यायचो.

"आता दम धरा."

मला वाटायचं, बघा, आजकाल एवढी आस्था कोण दाखवतं! परकी मुलगी, पण धीर देते आहे. मी मनात म्हणायचो, धरलाय गं बाई, चार तास धरलाय. मग घण सुरू व्हायचे. ते थांबले की, "सोडा."

सोडण्यासारखं माझ्या हातात एकच होतं, तो रबरी चेंडू. मी मूठ सैल करायचो.

असं किती वेळा झालं मोजलं नाही. हळूहळू तिचा आवाज चढला. "काका, दम धरा म्हटलंय ना मी!" आता मात्र मला राग आला. मी आत एक अक्षर बोललेलो नाही, हललेलो नाही, तक्रार केलेली नाही, आणखी किती दम धरायचा माणसाने? उलट मी त्या रागात मोठमोठे श्वास घेऊ लागलो.

पाऊण तासाने बाहेर आलो. तिचा चेहरा पडला होता. मी तिला उदारपणे म्हणालो, "असो. कामाचा ताण असतो."

मोशन

चार दिवसांनी रिपोर्ट आला. इंग्रजीत, दोन पानं. भालचंद्राने तो आमच्या पडवीत उभं राहून वाचला. अठरा मिलिमीटरची गाठ आहे एवढं त्याला कळलं. खाली लिहिलं होतं की मोशनमुळे चित्र अस्पष्ट आलं आहे, तपासणी पुन्हा करावी.

"मोशन लिवलां हां," तो म्हणाला. "म्हणजे पोट साफ नाय. मळामुळे दिसूक नाय काय."

शैला म्हणाली, "डॉक्टराक विचारया."

"त्यात काय विचारूचां? मोशन म्हणजे मोशन. हरमलाक गोरे येतत, तेंका पण होता."

एमआरआयला पाठवणाऱ्या डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनंतरची होती. आम्ही त्यांच्या दवाखान्यात फोन केला, तो चार वेळा वाजून बंद झाला. मग आम्ही शहाण्यासारखं पुन्हा स्कॅनचीच तारीख घेतली. तीही महिन्यानंतरची मिळाली. आणि त्या तारखेच्या आधी दोन दिवस मला एरंडेल पाजण्यात आलं. मी मुकाट्याने प्यायलो. एका माणसाच्या शरीरातून जेवढं जाऊ शकतं तेवढं सगळं गेलं.

हालचालीला इंग्रजीत मोशन म्हणतात हे मला शाळेत शिकवलं होतं. पण आजारी माणूस शाळेत शिकलेलं आठवत नाही. त्याला दवाखान्यात ऐकलेलं आठवतं.

दुसऱ्या वेळी

पुन्हा तेजश्रीच होती. मी पोट कसं स्वच्छ करून आलोय हे तिला अभिमानाने सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काका, मोशन म्हणजे तुमचा हलणा. तुम्ही श्वास धरूक नाय, म्हणून पोट हलला." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. "मी दम धरा म्हटल्यार तुम्ही काय करी होतात?"

मी सांगितलं. तिने तोंडावर हात घेतला. हसली की रडवेली झाली ते मास्कमुळे कळलं नाही. "अरे देवा! आणि सोडा म्हटल्यार?"

"चेंडू."

"चेंडू!" ती खुर्चीत बसली. "काका, आमच्याकडे श्वासाक दम म्हणतत. माझ्या आजयेक दम्याचो त्रास, दिवसभर घरात तोच शब्द. माका वाटला तुमकाही कळतला."

आम्ही दोघं हसलो. आजारपणाच्या चार महिन्यांतलं ते एक चांगलं हसू. आपल्या छातीत फार वेळ श्वास टिकत नाही, हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं.

पण आता कळत होतं म्हणून जमणार थोडंच होतं? एकेक श्वास वीस सेकंद धरायचा. वीस सेकंद म्हणजे काय वाटतं तुम्हाला? खुर्चीत बसून धरून बघा, काहीच नाही. दोन दिवस एरंडेल पिऊन, उताणं पडून, पोटावर पट्टा, कानात घण, आणि मनात 'दुसरंही काही' घेऊन धरून बघा. त्यात माझ्या छातीत तीस वर्षांची खाणीची लाल धूळ, आणि पंधरा वर्षांपूर्वीपर्यंतच्या बिड्या. बाराव्या-तेराव्या सेकंदाला मी चोरून थोडासा श्वास घ्यायचो. नाकातून, अगदी बारीक, पोट हलणार नाही अशा बेताने. पोट हलायचं.

तिला काहीतरी चुकतंय हे कळत होतं. ती पुन्हा पुन्हा घेत होती. शिरेतून औषध सोडल्यानंतरची चित्रं मात्र ठरलेल्या क्षणीच घ्यावी लागतात, ती पुन्हा घेता येत नाहीत. बाहेर रांग तुंबली. तिचे वरिष्ठ आत आले. मी नुकताच उठून बसलो होतो. माझ्यासमोरच त्यांनी तिला विचारलं, "एका पेशंटला सव्वा तास? पेशंटला सूचना देता येत नाहीत तुला?" मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही श्वास धरला होता ना नीट?"

आणि मी म्हणालो, "हो. धरला होता."

का म्हणालो? भीतीने. नाही म्हटलं तर पुन्हा त्या बोगद्यात घालतील ही एक भीती. आणि एक लाज, की एवढ्याशा मुलीसमोर वीस सेकंदसुद्धा जमत नाहीत म्हणायचं. बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

"मग तुझंच टायमिंग चुकलं," वरिष्ठ तिला म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. माझ्या पोटाच्या हालचालीची रेघ तिच्या पडद्यावर दिसत होती. पण तिने वाद घातला नाही, खाली बघून फॉर्म भरला: रुग्णाने श्वास व्यवस्थित धरला.

मी कडदोरा कमरेला बांधला आणि बाहेर आलो.

सत्तावीस

दुसऱ्या रिपोर्टात चित्र जरा पुसट पण वाचता येण्यासारखं होतं. गाठ सत्तावीस मिलिमीटर. पाच आठवड्यांपूर्वी अठरा होती.

सर्जन हुशार आणि घाईतले होते. म्हणाले, "पाच आठवड्यांत इतकी वाढ म्हणजे थांबण्यात अर्थ नाही. काढून टाकू." मग त्यांनी कागदावर पोट काढलं आणि काय काय कापावं लागेल ते पेनाने दाखवलं. स्वादुपिंडाचा तुकडा, आतड्याचा तुकडा, पित्ताची नळी. पेन बराच वेळ चाललं. "मोठं ऑपरेशन आहे. पण गाठ खराब असेल तर आत्ताच वेळ आहे."

"आणि खराब नसेल तर?" शैलाने विचारलं.

"मग खराब नव्हती हे कळेल."

 शैला हरमलला जाऊन देवाला कौल लावून आली. मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दीड तास बसून एकही पाकळी पडली नाही. ती घरी आली ती संतापून. "देवाचो पण रिपोर्ट अस्पष्ट," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी हसायला गेलो तर तिथून भांडं आपटल्याचा आवाज आला.

भेटायला येणाऱ्यांविषयी काय लिहू? कोणी गोमूत्र आणलं, कोणी कारल्याचा रस. साखळी गावाहून आलेल्या एका चुलतभावाने, अशाच आजाराने गेलेल्या आपल्या सासऱ्याचे शेवटचे पंधरा दिवस मला तपशीलवार सांगितले आणि चहा पिऊन, "काळजी करू नका" म्हणून गेला.

आणि या सगळ्यात मला एक गोष्ट माहीत होती जी दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती: ते सत्तावीस मी धरलेल्या श्वासावरचे नव्हते. पण मी स्वतःला सांगत होतो की यंत्र एवढं मोठं, थोड्याशा श्वासाने त्याचं काय बिघडणार. ज्यात माझी लबाडी झाकली जाईल तेवढं विज्ञान मला लगेच समजत होतं.

एआयवालं मशीन

एका डॉक्टरांनी सुचवलं की ऑपरेशनपूर्वी पणजीच्या बाजूच्या एका रुग्णालयात आणखी एक स्कॅन करा, तिथे नवीन सॉफ्टवेअर आलं आहे, डीप लर्निंगचं. तासाचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं, श्वासही थोडाच वेळ धरावा लागतो.

भालचंद्र गाडी चालवताना खूश होता. "एआय आसा थंय, भावोजी! काय्येक भियेव नकात. माझ्या खोल्यांचे फोटो मी एआयनेच केलंय. भिंतीवरची ओल गेली, पलंगावरची चादर सरळ झाली, खिडकीत समुद्र इलो!"

"तुझ्या खिडकीतून समुद्र दिसतो?"

"नाय. शेजाऱ्याची विहीर दिसता."

"मग गिऱ्हाईक येऊन काय म्हणतं?"

"भांडता," तो म्हणाला. "पण येता."

 मी खिडकीबाहेर बघत बसलो. भिंतीवरची ओल गेली, तसा माझा ठिपका गेला तर? ठिपका आत आहे तसाच आणि चित्रात भिंत स्वच्छ!

मला ही भीती वाटायला आणखीही कारण होतं. ते मी त्या दिवशी तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंना सांगितलं आणि इथेही सांगतो. आमची खाण बंद आहे, पण खड्ड्यात पाणी साचतं. ते पंपाने काढत राहावं लागतं, नाहीतर बांध फुटून खालच्या शेतांत जाईल. पाण्याची पातळी दिवसातून तीनदा पट्टीवर बघून वहीत लिहायची, हे माझं काम. पावसाळ्यात चिखलातून तीनदा कोण उतरणार? कित्येकदा मी सकाळचा आकडा बघून दुपारचा आणि संध्याकाळचा खोलीत बसून लिहिला आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवाने लिहिला की तो बहुतेक बरोबरच असायचा. साहेब तर म्हणायचे, सगळ्यात नेटकी वही तुझी. नेटकी असणारच, खरं पाणी कधी एवढं नेटकं चढत-उतरत नाही.

"मग हे मशीन माझ्यासारखंच ना?" मी बाईंना विचारलं. "थोडं मोजायचं, बाकीचं बसल्या जागी भरायचं?"

मला वाटलं त्या रागावतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. चार महिन्यांत माझ्याशी बोलताना बसलेल्या त्या पहिल्या डॉक्टर.

"प्रश्न बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आधी चित्र पूर्ण होण्यासाठी सगळं मोजावं लागायचं, म्हणून वेळ लागायचा. हे थोडं मोजतं. पूर्ण मोजलेली हजारो पोटं त्याला आधी दाखवलेली आहेत, त्यावरून ते उरलेलं बसवतं. पण एक बंधन आहे. जे मोजलंय त्याच्याशी उत्तर जुळलंच पाहिजे. तुम्ही दुपारचा आकडा लिहिलात, पण मधूनच कोणी पट्टीवर जाऊन बघितलं असतं आणि जुळला नसता तर खोडावा लागला असता ना? तसं."

"आणि तरी चुकलं तर?"

"चुकू शकतं. फार बारीक गोष्ट गुळगुळीत करून टाकू शकतं. म्हणून मी एका चित्रावर विश्वास ठेवत नाही. तुमची गाठ तीन वेगवेगळ्या पद्धतींनी बघेन, त्यातली एक जुन्या पद्धतीने. तीत श्वास धरायचा नाही, यंत्रच तुमच्या श्वासाच्या लयीने चित्र घेईल." मग हसून म्हणाल्या, "वहीचं मात्र साहेबांना सांगा."

वहीचं मी अजून सांगितलेलं नाही. पण आता तीन वेळा खाली उतरतो.

आत श्वास धरायचा होता तो नऊ-दहा सेकंद. मी घाबरायला सुरुवात करेपर्यंत सूचना यायची, "श्वास सोडा." एकदाही चोरी करावी लागली नाही. वीस मिनिटांत बाहेर. शैलाचा अर्धा चहा अजून कपात होता.

फोन

बाईंनी आम्हाला दुपारी आत बोलावलं. पडद्यावर माझं पोट होतं. कडा स्वच्छ, पातळ भिंतीची गोल पाण्याची गाठ. अठरा मिलिमीटर. तिन्ही पद्धतींनी अठरा.

मला वाटलं, संपलं. पण त्या खूश दिसत नव्हत्या. त्यांनी आमच्यासमोरच सर्जनना फोन लावला होता आणि पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर फोटो सुंदर काढतं, मान्य. पण पहिल्यात अठरा, दुसऱ्यात सत्तावीस, आता पुन्हा अठरा? गाठ अशी आकसत नाही. दुसरं स्कॅन जुन्या, पूर्ण पद्धतीचं आहे, आणि त्यावर स्पष्ट लिहिलंय की पेशंटने श्वास नीट धरला. मी त्यावरच जाणार. सोमवारी घेतो."

बाईंनी फोन खाली ठेवला. "पहिलं स्कॅन इतकं खराब आहे की त्यातल्या अठराला कोणी धरून चालणार नाही. प्रश्न दुसऱ्याचा आहे." मग माझ्याकडे वळल्या. "मला एकच सांगा. दुसऱ्या वेळी तुम्ही श्वास खरंच धरला होता?"

शैला माझ्या शेजारी बसली होती. त्या सत्तावीसपायी ती महिनाभर जेवली नव्हती धड. सोमवार तीन दिवसांवर होता. यंत्राने खरं सांगितलं होतं आणि माझ्या एका 'हो'मुळे यंत्र खोटं ठरत होतं. तरी मला बोलायला वेळ लागला. किती लागला हे लिहायचीही लाज वाटते.

"नाही," मी म्हणालो. "मधेच घेत होतो. प्रत्येक वेळी. आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो."

बाईंनी दुसऱ्या स्कॅनची चित्रं मोठी करून पाहिली. "मग गाठीची कड पसरली आहे ती श्वासाची," त्या म्हणाल्या. "हे आधी..." आणि वाक्य पुरं न करता त्यांनी पुन्हा फोन उचलला.

शैला उठून बाहेर गेली. मी तिला गाडीपाशी गाठलं. भालचंद्र एक शब्द बोलला नाही, यावरून तिचा चेहरा कसा असेल ते समजा. थिवी आल्यावर तिने गाडीची काच खाली केली. मग म्हणाली, "माका सांगलां असतां तर मी तुमका हसली असतय काय?"

"नाही."

"हसली असतय," ती म्हणाली. "पण सत्तावीस दिवस उपास केले नसते. मिलिमीटराक एक."

मला ते उपास माहीतसुद्धा नव्हते.

बांदा

ऑपरेशन रद्द झालं. सर्जननी बाईंचा रिपोर्ट मान्य केला, सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. पोट दुखायचं ते पित्ताने, त्यावर साध्या गोळ्या लागू पडल्या.

मी म्हापशाच्या सेंटरवर गेलो. तेजश्री तिथे नव्हती. नोकरी सोडून बांद्याला एका दवाखान्यात लागली होती. मी बांद्याला गेलो. रडूनबिडून माफी मागावी असं काही ठरवून गेलो होतो. ती एका म्हाताऱ्याच्या हाताचा एक्स-रे काढत होती. तिने मला बाकावर थांबवलं, काम पुरं केलं, मग आली.

मी सगळं सांगितलं. 

"गाठ बरी आसा मा?" तिने विचारलं.

"बरी आहे. वाढलेली नव्हतीच."

"बरा झाला." मग म्हणाली, "नोकरी मी तुमच्यामुळे नाय सोडलंय, काका. थंय एकटीन चाळीस पेशंट काढूक लागत होते. पण त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असतात तर माका बरा वाटला असता."

"मी त्या साहेबांना पत्र लिहितो."

"लिवा," ती म्हणाली. "पण आता त्याचो उपयोग नाय." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. माफी मागितली की हलकं वाटतं असं ऐकून होतो. मला तसं वाटलं नाही, आणि तुम्हालाही वाटेल अशी खात्री देत नाही.

सहा महिन्यांनी

परवा पुन्हा स्कॅन झालं, त्याच रुग्णालयात. आत जाईपर्यंत पुन्हा तेच. फाईल सापडेना, लिफ्ट बंद, 'पुढचे तुम्हीच' दोन तास. माणसं अजून जुन्याच वेगाने चालतात, त्यावर सॉफ्टवेअर आलेलं नाही. सहा महिन्यांत गाठ वाढली असेल तर सर्जनचा तो कागद पुन्हा बाहेर येणार होता. आम्ही दोघंही तो विषय न काढता बाकावर बसलो होतो.

आत पहिली तीन चित्रं नीट झाली. चौथ्याला, का कोण जाणे, सातव्या-आठव्या सेकंदाला माझ्या छातीने मुसंडी मारली आणि मी श्वास घेतला. बारीकसा. नाकातून.

यंत्र थांबलं. हेडफोनमधून पलीकडच्या मुलाचा आवाज आला, "छान, काका. पुढचं घेऊया."

"थांबा," मी म्हणालो. "आत्ता मी मधेच श्वास घेतला."

"काही हरकत नाही. परत घेऊ. दहाच सेकंद."

दहाच सेकंद. त्याच्या आवाजात राग नव्हता, बाहेरची रांग तेवढ्याने अडत नव्हती, कोणी कोणाला बोलणार नव्हतं. पूर्वीच्या त्या यंत्रात चूक कबूल करणं म्हणजे आणखी अर्धा तास बोगदा होता. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला एवढ्या स्वस्तात खरं बोलायला कधी मिळालं नव्हतं. तुम्हाला जुनंच यंत्र मिळालं तरीही सांगा. आणि नवीन मिळालं तर न सांगायला निमित्तच उरत नाही.

मी श्वास घेतला आणि धरला.

दुपारी बाईंनी आत बोलावलं. शैला माझ्या पुढे गेली, खुर्चीत न बसताच तिने विचारलं, "केवढी?"

"अठरा," बाई म्हणाल्या. "आहे तेवढीच आहे."

शैलाने माझ्याकडे पाहिलं.

"धरला होता," मी म्हणालो. "एकदा सुटला. तो सांगितला."